बत्तिसावी रात्र वाचावी की गाळावी?

प्रश्न : माझं वय ६४. वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. लहानपणी वाचलेली ‘श्यामची आई’ची प्रत अजून माझ्याजवळ आहे. पुठ्ठा निघाला आहे, सुरुवातीची आणि शेवटची काही पानं गेली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊ वर्षांची नात येणार आहे. रोज रात्री तिला थोडं थोडं वाचून दाखवावं असं मनात आहे. पण लेक म्हणते, “आई, ते रडवणारं पुस्तक आहे. वाचायचंच असेल तर कर्जाची आणि मरणाची प्रकरणं गाळ.” गाळावीत का? आणि जुनी प्रत दुरुस्त करावी की सरळ नवी आणावी?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी कपाटातून माझी प्रत काढली आणि मग लिहायला बसले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी ३१ वर्षं पुस्तकं दिली-घेतली. पण हे पुस्तक माझ्याकडे त्याच्या कितीतरी आधी आलं. सातवीत बक्षीस मिळालं होतं. माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचून आली की रात्री सपरीत चिमणी लावून ती वाती वळत बसायची आणि म्हणायची, “वाच वं बाई, काय लिवलं हाय त्याच्यात.” पुस्तकात श्यामही आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना नावच ‘रात्र’. म्हणून आम्हीही रोज एकच रात्र वाचायचो. मला पुढे जायची घाई असायची, माय मात्र थांबवायची. म्हणायची, “त्याचं आजचं झालं ना? मंग आपलंबी झालं.”

पुस्तक सारं कोकणातलं. समुद्र, फणस, नारळ मी तोवर पाहिलेही नव्हते. मायला त्याची अडचण झाली नाही. पत्रावळीची रात्र ऐकताना तर ती हसली होती, कारण पळसाची पानं आणून पत्रावळी लावणं हे तिचं लहानपणापासूनचं काम. श्यामला ती लावता येत नाही, हे ऐकून ती म्हणाली, “पहिल्यांदा काडी पानाच्या शिरेत जाते, मंग पान फाटते. त्याले सांगाले पायजे होतं कोनी.” पोहायला भिऊन श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारते, ते मात्र तिला पटलं नाही. त्यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. मळलेल्या पायांची गोष्ट तिने मला तीनदा वाचायला लावली.

मग बत्तिसावी रात्र आली. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे तिचं नाव. मी नाव वाचलं, पुढे थोडं वाचलं. सावकाराचा माणूस वसुलीला घरी आला, तिथवर पोचले असेन. मायने हातातली अर्धी वळलेली वात पानात ठेवली आणि पुस्तक मिटलं. म्हणाली, “राहू दे आता.” रागावली नव्हती, रडलीही नव्हती. चिमणी बारीक केली आणि झोपायला गेली.

आठ-दहा दिवस पुस्तक तसंच फळीवर होतं. मीही विचारलं नाही. मग एका रात्री तिनेच ते काढून माझ्यासमोर ठेवलं. वात जिथे होती तिथून मी वाचलं, शेवटपर्यंत. तिचे हात चालू होते. रात्र संपल्यावर ती बोलली, “आपल्या इथं आल्ता तो सायकलवर आल्ता. तू तवा पाळण्यात होती.” मग तिने सांगितलं. आमची साडेतीन एकराची कोरडवाहू जमीन कशी गेली, बाबांनी बैलजोडी कोणत्या बाजारात विकली, परतताना ते पायी कसे आले. घरात त्याविषयी कोणी कधी बोललं नव्हतं. मी बारा वर्षांची होते, आणि आपल्या घरी काय झालं होतं ते मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

म्हणून ताई, माझं मत स्पष्ट आहे. आपणहून काही गाळू नका. लेकीची काळजी खोटी नाही, नऊ वर्षांचं लेकरू रडेल. आईचं शेवटचं आजारपण येतं तेव्हा मोठी माणसंही रडतात. पण कुठे थांबायचं ते नातीला ठरवू द्या. ती “आता नको” म्हणाली की त्या क्षणी मिटा. ‘का गं?’ म्हणून विचारू नका. दोन पानं उरली तरी ओढून नेऊ नका. पुन्हा कधी उघडायचं तेही तिच्यावर सोडा. माझी माय मोठी बाई होती, तरी तिला दहा दिवस लागले.

आता प्रतीबद्दल. दोन्ही करा. वाचायला नवी आणा, जुनी दुरुस्त करून ठेवा. नवी घेताना एक पाहा. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून हे पुस्तक कोणालाही छापता येतं. आवृत्त्या खूप आहेत, स्वस्तही आहेत, पण त्यांत मुलांसाठी म्हणून कापलेल्याही असतात. अनुक्रमणिका उघडून मोजा. ४२ रात्री भरल्या पाहिजेत. आणि सुरुवातीची प्रस्तावना सोडू नका. नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत हे पुस्तक लिहिलं गेलं, हे नातीला आधी सांगा. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात आपल्या पवनारच्या विनोबांची गीतेवरची प्रवचनं लिहून घेणारे हेच गुरुजी. आमच्या वाचनालयात ही दोन पुस्तकं मी नेहमी शेजारी ठेवायची.

जुन्या प्रतीला चिकटपट्टी अजिबात लावू नका. ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि पुढे पान तिथेच तुटतं. मैद्याची पातळ खळ करा, अगदी चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कीड धरणार नाही. मोरचूद विषारी, नातीच्या हाताला लागू देऊ नका. फाटलेल्या कडेला पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी या खळीने लावा, वर-खाली कोरा कागद घाला आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. सुकवायचं ते सावलीत. वैशाखाच्या उन्हात हा कागद पापडासारखा मोडतो. बांधणी तालुक्याच्या बाइंडरकडून करून घ्या आणि त्याला ‘जुजबंदी शिलाई’ (पानांच्या घड्यांच्या मधून दोरा घालून शिवणं) असंच सांगा, नाहीतर तो बाजूने टोचून शिवेल आणि पुस्तक पुरतं उघडणार नाही. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवला की कसर लागत नाही.

देण्याआधी मात्र एकेक पान उलटून पाहा. माझी प्रत बांधायला दिली तेव्हा बाइंडरने बत्तिसाव्या रात्रीतली ती वात कचरा समजून काढली होती. मी दुकानाच्या फरशीवरून ती उचलून आणली. आता पिवळी पडली आहे, पण पीळ अजून सुटलेला नाही. नातीलाही पहिल्या रात्रीच खूण ठेवायला काहीतरी द्या. कागद नको, तिने स्वतः केलेलं काही असू द्या. वात वळायला शिकवली तरी चालेल, पाच मिनिटांत येते.