भावाचं रक्त रिसर्चला द्यावं का?

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, तीन वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, आवाज ऐकू येणं आता बरंच कमी झालंय. परवा त्याच्या डॉक्टरांनी एक फॉर्म दिला. बरेच देश मिळून रिसर्च करतायत, त्यासाठी रक्त द्यायचं आणि डोक्याचा एमआरआय करायचा. आई म्हणते माझ्या पोरावर कसले प्रयोग करता. त्याला स्वतःला काय फायदा? आणि एकट्याच्या रक्तातून असं काय कळणार आहे? — एक ताई

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरंच, एकट्याच्या रक्तातून काहीच कळत नाही! म्हणून तर एवढ्या देशांनी हात मिळवलेत. स्किझोफ्रेनियाचा एकच असा जीन नाही, डीएनएत शेकडो जागी बारीक बारीक फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, त्यामुळे दोन-तीन हजार पेशंट तपासले तर हाती जवळपास काहीच लागत नाही. सायकियाट्रिक जिनॉमिक्स कन्सॉर्शियम नावाचं नेटवर्क २००७ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये त्यांनी साधारण ३७ हजार पेशंटांच्या डेटातून १०८ जागा दाखवल्या, २०२२ मध्ये पेशंट झाले ७६ हजारांच्या वर आणि जागा २८७. त्यातलाच एक धागा म्हणजे सी-४ नावाचा जीन, मेंदूतल्या जोडण्यांची छाटणी करण्यात याचा हात असतो आणि ही छाटणी जास्तच होत असावी असं २०१६ मध्ये समोर आलं. ही छाटणी वयात येतानाच जोरात चालते, म्हणून आजार तेव्हाच का डोकं वर काढतो याचा थोडा अंदाज त्यातून येतो.

एमआरआयची गंमत वेगळीच आहे. त्याच माणसाचा मेंदू दोन मशीनवर थोडा वेगवेगळा दिसतो, म्हणून एनिग्मा नावाच्या नेटवर्कमध्ये सगळीकडे एकाच पद्धतीने मोजमाप करतात आणि मग आकडे एकत्र करतात. २०१८ मध्ये ३९ ठिकाणच्या ४,४७४ पेशंटांची अशी मोजणी झाली, तेव्हा मेंदूचं वरचं आवरण सरासरीने थोडं पातळ निघालं. सरासरीने, हं. भावाचा स्कॅन बघून कोणी "हा बघा आजार" म्हणून बोट ठेवू शकणार नाही.

आता फायदा. जीन्सच्या रिसर्चमधून त्याची गोळी उद्या बदलणार नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण नेटवर्क म्हणजे फक्त जीन्स नाहीत. अमेरिकेत ३४ क्लिनिक मिळून रेझ नावाचा अभ्यास झाला, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ४०४ जणांचा. अर्ध्या क्लिनिकमध्ये नेहमीचे उपचार आणि बाकीच्यात औषधं, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं, शिक्षण-नोकरीला मदत, सगळं एकाच टीमकडून. या टीमवाल्यांचं जगणं दोन वर्षांत जास्त सुधारलं, उपचारही त्यांनी जास्त काळ टिकवले, आणि ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले होते त्यांना फरक सगळ्यात जास्त पडला. म्हणजे जीन्सवाल्यांकडून अजून गोळी आली नसली तरी भावासाठी आजच विचारण्यासारखी गोष्ट इथे आहे, डॉक्टरांना विचारा की नोकरीसाठी आणि घरच्यांसाठी काही मदत मिळेल का.

आणखी एक, या सगळ्या डेटात युरोपियन वंशाचे लोक फार जास्त आहेत, त्यावर बेतलेले हिशोब बाकीच्यांना नीट लागू पडत नाहीत. आपल्यासारख्यांनी रक्त दिलं नाही तर ही त्रुटी तशीच राहणार.

पण ताई, तुम्ही मला विचारताय, त्याला विचारलंत का? तो बरा आहे, समजून घेऊ शकतो, सही त्याची. आईंना पण सोबत बसवा, फॉर्म मोठ्याने वाचा. नाव काढून डेटा ठेवणार का, इतर देशांत पाठवणार का, मधेच नको म्हटलं तर बाहेर पडता येईल का आणि नाही म्हटल्यावरही उपचार तसेच चालू राहतील ना, एवढं तिघांनी मिळून बघा. यातलं काही लिहिलेलं नसेल तर सही थांबवा आणि विचारा. रक्त आणि स्कॅन एवढंच असेल तर चालू गोळ्यांना कोणी हात लावायचं कारण नाही. फॉर्ममध्ये औषध बदलायचं किंवा थांबवायचं असं कुठे दिसलं तर तो मामला वेगळा, सहीच्या आधी मला परत लिहा.