सुट्टी तोंडावर आली आणि बाईंना रडू आलं

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की माझ्याकडे शिक्षकांचे फोन वाढतात. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत समुपदेशन करते. इथल्या बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम' घेतलेला असतो. त्यातून शिक्षकांना ठरावीक बैठका मोफत मिळतात, आणि तिथे काय बोलणं झालं ते शाळेपर्यंत जात नाही. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे; एखाद-दोन गावांतल्या सरकारी शाळा चालवणारी, लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असलेली संस्था. फोनवरचा प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो: "सत्र संपत आलं, दोन आठवडे सुट्टी आहे, मग मला बरं का वाटत नाही? ऑगस्टपासून राबूनही हाती काही लागलं नाही असं का वाटतं? नोकरी सोडू का?"

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नाव देत नाही, 'बाई' म्हणते. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी सात वर्षं शिकवलं, तेव्हा पोरं त्यांना बाईच म्हणायची. मग लग्न, अमेरिका, नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा एच-४ व्हिसा, ज्यावर तेव्हा काम करता येत नसे, आणि घरात बसणं. २०१५ च्या मे महिन्यात त्या व्हिसावरच्या काही जणांना कामाची परवानगी मिळायला लागली. बाईंनी ती मिळवली, आधी शाळेत मदतनीस म्हणजे 'पॅरा' म्हणून लागल्या, रात्री अभ्यास करून स्पेशल एज्युकेशनचं लायसन्स घेतलं आणि आता त्यांचा स्वतःचा वर्ग आहे. आठ मुलं, सगळी सात ते नऊ वर्षांची.

पहिल्या भेटीला त्या संध्याकाळी पाचला आल्या. डिसेंबरात इकडे तोवर अंधार पडलेला असतो. कोट न काढताच खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. डिस्ट्रिक्टने सगळ्या शिक्षकांना दिलेला, सत्राअखेर मागे वळून पाहण्याचा फॉर्म. चार प्रश्न होते. या सत्रात काय चांगलं झालं? तुम्हाला कशाचा अभिमान वाटतो? पुढच्या सत्रात काय वेगळं कराल? सुट्टीत स्वतःची काळजी कशी घ्याल?

पहिले तीन कोरे. चौथ्यापुढे मराठीत एकच शब्द, 'झोप'.

"ताई, मी तीन रात्री हा घेऊन बसतेय. मला खरंच काही सुचत नाही," म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. त्या थोड्या सावरल्यावर मी श्वासाचा एक सोपा व्यायाम सुचवला. त्यांचा चेहरा एकदम मिटला. "हे सगळं ईमेलमध्ये येतं आम्हाला," एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. ज्याच्या डोक्यावर ओझं आहे त्याला आपण आधी ताठ उभं कसं राहायचं ते शिकवायला जातो. मी माफी मागितली आणि म्हटलं, "मला वर्गाबद्दल सांगा."

मग बाई बोलत्या झाल्या. त्यांच्या वर्गात एक मुलगा आहे, आठ वर्षांचा, स्वमग्न. गेल्या वर्षी आला तेव्हा नको झालं की खुर्ची फेकायचा, हाताला चावायचा. बाईंनी त्याला एक पिवळं कार्ड दिलं. 'मला थांबायचंय' हे तोंडाने सांगता येत नसेल तर कार्ड बाईंच्या हातात द्यायचं. नोव्हेंबरपर्यंत तो पाचातल्या चार वेळा कार्ड द्यायला लागला होता. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर मात्र सगळं उलटं फिरलं. कागद फाडणं, खुर्ची, चावणं. बाईंच्या मनगटावर खूण होती, ती त्या बाहीखाली झाकत होत्या. ऑक्टोबरात एक पॅरा नोकरी सोडून गेली, तिच्या जागी कोणी आलं नाही. त्यात तीन आठवड्यांत पाच आयईपी बैठका. १९७५ च्या कायद्यापासून विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी इथे वेगळा शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, करावा लागतो आणि वर्षातून निदान एकदा तो सगळ्यांनी बसून तपासावा लागतो. काम चांगलं आहे, पण प्रत्येक बैठकीमागे कित्येक तासांचं लिखाण असतं आणि ते घरी, जेवणं उरकल्यावर होतं.

"चार महिने पाण्यात गेले," बाई म्हणाल्या. "माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर तो पोरगा आज पुढे गेला असता." फोनमध्ये राजीनाम्याच्या मेलचा मसुदा तयार होता.

मी त्यांना सरळ विचारलं, जगू नये असं कधी मनात येतं का? हा प्रश्न मी कोणालाच चुकवत नाही. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. बाई म्हणाल्या, नाही, तसं नाही, फक्त सोमवार येऊ नये असं वाटतं. तसं असतं तर आमची पुढची पावलं वेगळी पडली असती. (वाचणाऱ्यांपैकी कोणाला तसं वाटत असेल तर सुट्टी संपायची वाट पाहू नका. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलीमानसचा १४४१६, दोन्ही क्रमांकांवर रात्री-अपरात्रीही माणूस बोलतो.)

दुसऱ्या भेटीला मी त्यांना त्या मुलाच्या नोंदींची वही आणायला सांगितली. मुलाचं नाव झाकून आणा म्हटलं. अशा वर्गातल्या शिक्षकांकडे रोजची नोंद असते: किती वाजता बिनसलं, आधी काय घडलं, किती मिनिटं चाललं. बाईंची वही बघण्यासारखी होती. सांगलीला असताना, २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यावर, वर्णनात्मक नोंदींनी त्यांचे हात भरून यायचे, पण मुलाकडे बघून एका ओळीत नेमकं लिहायची सवय तिथलीच.

मी विचारलं, "गेल्या डिसेंबरात तो कसा होता?"

त्यांनी पानं मागे उलटली. उलटता उलटता हात मंदावला. गेल्या डिसेंबरातही हेच. त्यानंतर मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकच्या म्हणजे वसंतातल्या सुट्टीच्या आधीचा आठवडा, हेच. मे महिन्याची अखेर, तेच. मग या डिसेंबरचे दिवस आम्ही एकेक करून पाहिले. सर्वांत वाईट दोन दिवस कोणते? एक, शाळेत सगळे रात्रीच्या कपड्यांत आले तो पजामा डे. दुसरा, सभागृहात गाण्यांची तालीम झाली तो. ज्या पोराचा सगळा जीव 'आधी गणित, मग खाणं, मग खेळ' या क्रमाला टांगलेला असतो, त्याचा क्रम डिसेंबरात रोज मोडतो.

आणि सुट्टी म्हणजे त्याच्यासाठी काय? आई दोन ठिकाणी कामाला. सुट्टीत तो कधी मावशीकडे, कधी शेजारी. शाळेत सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण ठरल्या वेळी, ठरल्या टेबलावर मिळतं. इथे शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६ चा. कित्येक घरांत मुलांच्या दिवसातल्या दोन जेवणांचा भरवसा त्यावरच असतो, आणि सुट्टी लागली की तो दोन आठवडे बंद होतो. बाकीची मुलं आनंदाने सुट्टीचे दिवस मोजत असतात. ही मुलंही मोजत असतात, पण पोटात गोळा घेऊन.

हे बोलत असताना बाई एकदम थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या गावच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दोन-तीन पोरं खिचडी पुन्हा मागायची. मी तेव्हा हावरट म्हणायचे त्यांना." बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिल्या. मी काही बोलले नाही.

मग मी त्यांना आणखी एक रकाना दाखवला, मिनिटांचा. गेल्या डिसेंबरात एकेकदा बिनसलं की तो चाळीस-चाळीस मिनिटं शांत होत नव्हता. या डिसेंबरात सर्वांत लांब नोंद पंधरा मिनिटांची. आणि पजामा डेच्या दिवशीही, खुर्ची फेकून झाल्यावर, त्याने कार्ड आणून दिलं होतं. नोंद बाईंच्याच हातची. लिहिताना त्यांना ती दिसलीच नव्हती.

शिक्षकांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते: सत्राच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःचा निकाल लावू नका. त्या आठवड्यात मुलं सर्वांत जास्त बिथरलेली असतात आणि तुम्ही सर्वांत जास्त थकलेले असता. त्या दिवसांत काढलेला निष्कर्ष तुमच्याबद्दल नसतो, डिसेंबरबद्दल असतो.

बाईंनी विचारलं, "मग मला बर्नआउट झालंय का?" हा शब्द आता सर्रास वापरतात. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो मांडला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. ती त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आणलेल्या दीर्घ ताणातून आलेली अवस्था म्हणते. तीन खुणा: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. बाईंमध्ये पहिली आणि तिसरी होती. दुसरी नव्हती. त्यांचं मन तुटलं नव्हतं, उलट त्या मुलाला सोडून ते कुठे जातच नव्हतं. असं असताना 'काम सोडून दे' हा उपाय मला घाईचा वाटला. ओझं कमी करायला हवं होतं. राजीनाम्याचा मसुदा पुसू नका, पण जानेवारी संपेपर्यंत पाठवूही नका, एवढं ठरलं.

घरच्यांचंही सांगते, कारण मराठी घरांत हे हमखास ऐकू येतं. सासूबाई फोनवर म्हणत, "तुला काय बाई, दोन आठवडे सुट्टी!" नवरा काळजीपोटी म्हणे, "सोड मग, आपलं भागतंय की." दोघंही वाईट नव्हेत. पण सुट्टी आहे म्हणजे थकायचा हक्क नाही, आणि थकलीस म्हणजे सोडून दे, या दोन वाक्यांच्या मध्ये बाईंना बोलायला जागाच उरत नव्हती. तिसऱ्या भेटीला नवरा सोबत आला. "सोडू का, हे मी विचारत नाहीये. आज काय झालं ते फक्त ऐकून घे," असं बाईंनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. ते वाक्य जमायला दहा मिनिटं लागली.

शाळेकडे काय मागायचं यावर आम्ही खूप वेळ दिला. डिसेंबरात शाळा शिक्षकांसाठी खूप काही करतात: हॉट चॉकलेटची गाडी, कुकीज, आभाराची पत्रं. मी त्याला नावं ठेवणार नाही. मनापासून लिहिलेली चिठ्ठी टेबलावर वर्षभर चिकटलेली मी पाहिली आहे. पण दमलेल्या माणसाला सर्वांत मोठी भेट वेळेची. एका शाळेतले मुख्याध्यापक डिसेंबरातल्या शेवटच्या आठवड्यात मधल्या सुट्टीची देखरेख रोज स्वतः करतात, शून्याखालच्या थंडीत टोपी ओढून मैदानावर उभे राहतात. तिथल्या शिक्षिकांनी त्या वीस मिनिटांबद्दल मला जेवढं सांगितलं तेवढं दुसऱ्या कोणत्याही भेटीबद्दल सांगितलं नाही.

बाईंनी मुख्याध्यापिकेला मोघम 'मला मदत हवी' न सांगता तीन गोष्टी लिहून दिल्या. ज्या आयईपीची मुदत जानेवारीअखेर आहे ती बैठक जानेवारीत घ्यावी. लिखाणासाठी अर्धा दिवस बदली शिक्षक मिळावा. आणि या मुलाच्या घरी सुट्टीपुरतं धान्य-खाऊ पोचेल का ते शाळेच्या सोशल वर्करने बघावं. पहिली आणि तिसरी लगेच मान्य झाली. बदली शिक्षक मिळाला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं." त्या स्वतःही दमल्या होत्या, बाईंना ते पहिल्यांदाच दिसलं.

शाळेचा शेवटचा दिवस होण्याआधी बाईंनी त्या मुलासाठी एक कागद केला. सुट्टीच्या प्रत्येक दिवसाला एक चौकोन. त्या दिवशी तो कुठे असणार त्याचं चित्र, मावशीचं घर, शेजारचं घर. शेवटच्या चौकोनात पिवळी बस आणि बाईंचा फोटो. रोज एक फुली मारायची. हे करताना, बाई सांगत होत्या, त्यांचाच जीव खाली पडला. सुट्टीतली काळजी थांबली नाही, पण तिला घरी ठेवायला एक जागा मिळाली. शाळेची मेल फोनवरून काढून टाकली. पहिले तीन दिवस काहीच ठरवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, कारण दर सुट्टीत पहिल्या दोन दिवसांत त्या तापाने पडायच्या. आमच्या इलिनॉय राज्यात २०२२ पासून विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्यासाठी वर्षाला पाच दिवस रजा घेता येते. बाईंनी तो नियम कित्येक पालकांना समजावून सांगितला होता, स्वतः मात्र तापातही शाळेत गेल्या होत्या. या वेळी निदान सुट्टीत तरी आडवं व्हायचं, एवढंच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या चौथ्यांदा आल्या. आत आल्या आल्या कोट काढून खुंटीला लावला. ताप आला होता, दोन दिवस झोपून काढले. मुलाचा कागद परत आला होता, चुरगाळलेला, एका कोपऱ्यावर केचपचा डाग. नऊ चौकोनांवर फुल्या, पुढचे मोकळे. पहिल्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने खुर्ची फेकली. साडेनऊला कार्ड दिलं.

फॉर्म त्यांनी सुट्टीआधीच देऊन टाकला होता. अभिमानाच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, '४० मिनिटांची १५ झाली.' कोणी काही विचारलं नाही, म्हणाल्या, पण लिहून बरं वाटलं.

"मसुदा अजून फोनमध्ये आहे," जाताना म्हणाल्या.

"असू दे," मी म्हटलं. दोन बैठका शिल्लक होत्या. कॅलेंडर काढून त्यातली एक आम्ही मार्चमध्ये ठेवली, स्प्रिंग ब्रेकच्या आधीच्या आठवड्यात.