'है' गाळताना हैदराबाद गाळू नका

प्रश्न : सीताबर्डीत माझे जाहिरात-छपाईचे छोटे दुकान आहे. संत्र्यांच्या व्यापाऱ्यांची पत्रके लिहिण्यासाठी संगणकावर एक मुक्त, म्हणजे कोणालाही उतरवून वापरता येणारे, भाषा-मॉडेल (मजकूर लिहून देणारा प्रोग्रॅम) बसवले आहे. मराठी लिहिता लिहिता ते मध्येच 'है', 'और' घुसडते आणि भावही मनानेच ठोकून देते. त्याला नव्याने शिकवण्याचा खर्च मला परवडणारा नाही. दुसरा काही मार्ग आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आहे. मॉडेल एका वेळी एकच शब्दतुकडा, म्हणजे टोकन, लिहिते आणि त्यापूर्वी आपल्या संग्रहातील प्रत्येक तुकड्याला गुण देते. मॉडेलने शिकलेले काहीही न बदलता निवडीच्या क्षणी या गुणांत फेरफार करता येतो. 'टेम्परेचर', म्हणजे निवडीत किती मोकळीक द्यायची ते ठरवणारा आकडा, कमी केल्यास वरच्या गुणांचे तुकडे अधिक वेळा निवडले जातात, परंतु मॉडेलला हिंदी तुकडाच सर्वांत योग्य वाटत असेल, तर ते शून्यावर आणूनही हिंदीच उमटेल.

नको त्या तुकड्यावर थेट बंदीही घालता येते. रोमन अक्षरांपुरती ती सोपी आहे. हिंदीची लिपी मात्र आपलीच. तुकडे कसे पाडले आहेत त्यानुसार 'है' बंद करताच 'हैदराबाद' आणि 'हैराण', 'और' बंद करताच 'औरस' अडखळू शकतात. (१९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या आपल्या शहरात या दोन भाषांची सरमिसळ माणसांनाही चुकलेली नाही.) म्हणून तुकड्यांवर बंदी घालण्यापेक्षा पूर्ण झालेला मजकूर तपासणे मला अधिक भरवशाचे वाटते. मॉडेलला द्यायच्या सूचनेत आपली दोन-तीन चांगली पत्रके नमुन्यादाखल द्यावीत, एकाच पत्रकाची आठ-दहा रूपे काढावीत आणि हिंदी शब्द पूर्ण शब्द म्हणून मोजणाऱ्या साध्या प्रोग्रॅमने त्यांतले सर्वांत निर्दोष रूप निवडावे. २०१९ मध्ये उबरच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या 'प्लग अँड प्ले' पद्धतीत छोटा वर्गीकारक (मजकूर हव्या त्या प्रकारचा आहे का ते ओळखणारा प्रोग्रॅम) लिहिण्याच्या ओघातच मोठ्या मॉडेलला वळवतो. मात्र तिची जादा आकडेमोड दुकानातील संगणकाला जड जाईल.

भावाची गोष्ट वेगळी आहे. तेथे केवळ आकडेच यावेत अशी सक्ती करता येते, पण आकडा खरा असल्याची हमी त्यातून मिळत नाही. त्या जागी मॉडेलकडून फक्त एक ठरावीक खूण लिहून घ्यावी आणि कळमना बाजारातील त्या दिवशीचा भाव व्यापाऱ्याला विचारून स्वतः भरावा.