५१ हजारांचं एस्टिमेट आणि जुनी वॅगनआर: विकायची की ठेवायची?

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. गाडी २०१२ ची वॅगनआर, पेट्रोल, ८८ हजार किलोमीटर झालेत, पहिल्यापासून घरचीच. गॅरेजवाल्याने ५१ हजारांचं एस्टिमेट दिलंय. गाडीला विकत घेणारा १ लाख ३५ हजार देतोय. मिस्टरांचं म्हणणं, पुढच्या जूनमध्ये गाडीला १५ वर्षं होतात, मग ती भंगारातच जाणार, त्यापेक्षा आत्ताच विकू आणि ६ लाखांचं लोन काढून नवी घेऊ. दिराचं म्हणणं, निम्मं काम मी घरीच करतो. मुलगी बारावीला आहे. ताई विचारतात, नक्की काय करू?

ताई, आधी ती भंगाराची भीती काढून टाका, कारण सगळा निर्णय तिच्यावर उभा राहिलाय. १५ वर्षांनी गाडी बंद हा नियम दिल्लीकडचा, आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे आरसी १५ वर्षांची असते, ती संपली की पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस पास झाली की ५ वर्षं वाढवून मिळते. त्याची फी ५ हजार आहे, वर पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नवी नंबर प्लेट अजून बसवली नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी तो वेगळा. म्हणजे जूनमध्ये खर्च आहे, पण गाडी हातातून जाणार नाहीये.

आता लोनचं बघू. ६ लाख, साडेनऊ टक्के, ५ वर्षं धरली तर हप्ता साधारण १२,६०० येतो. एकूण भरणार ७ लाख ५६ हजार, म्हणजे दीड लाखाच्या वर नुसतं व्याज. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरंय, मिस्टर त्याच्याचमुळे घाई करत असतील, पण पेट्रोल गाडीवर आपल्या राज्याचा ११ टक्के रोड टॅक्स आहेच आणि नव्या गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम ३ वर्षांचा काढावा लागतो. आणि मुख्य म्हणजे पुढच्या जूनमध्ये मुलीची अॅडमिशन आहे. कॉलेज कुठलं, फी किती, होस्टेल लागेल का, यातलं काहीच आत्ता माहीत नाही, आणि त्याच महिन्यांत डोक्यावर १२,६०० चा हप्ता असणार. मला हे अजिबात पटत नाही.

लोक एक तुलना हमखास करतात, गाडीची किंमत १ लाख ३५ हजार आणि तिच्यावर ५१ हजार घालायचे, मग परवडत नाही म्हणतात. पण गाडी विकून तुम्ही पायी जाणार नाही ना. मग तुलना करायची ती नव्या गाडीच्या महिन्याच्या खर्चाशी. ५१ हजार म्हणजे चार हप्ते, त्यात गाडी दोन-अडीच वर्षं चालली तर सौदा वाईट नाही. शिवाय माझ्या मते ५१ लागणारच नाहीत, तुम्ही पाठवलेला कागद मी नीट बघितला.

क्लचचे ९,५०० लिहिलेत, ते द्या. कसारा घाटात जळका वास येतो आणि पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते असं तुम्हीच लिहिलंय, द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये रोज हाफ क्लचवर गाडी चालली की हे व्हायचंच. खात्री करायची असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू चालवताना अॅक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपलीय.

टायरचे १४ हजार. इथे दिराला टॉर्च घेऊन खाली बसवा. टायरच्या बाजूला एक लांबट चौकटीत चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली आहे म्हणून लोक समाधान मानतात, पण रबर वयानेही कडक होतं, नाशिकच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं तर लवकरच. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील, कोरड्या पडलेल्या टाचेसारख्या, तर एक रुपयाही वाचवायला जाऊ नका, चारही बदला आणि अलाइनमेंट करून घ्या.

सस्पेन्शनचे १२,५०० मला जास्त वाटतात. स्पीडब्रेकरवर खडखड येते म्हणून थेट शॉकअब्सॉर्बरसकट सगळं लिहिलंय. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदलेल्या रस्त्यांवर बहुतेकदा लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबर, आधी जातात. शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का बघा, नसेल तर मेकॅनिकला सांगा आधी बुश आणि लिंक रॉड बदल, चालवून बघू, मग पुढचं. हे ५ हजारांच्या आसपास व्हावं.

बॅटरी ४,२००. थांबा जरा. सकाळी स्टार्टला त्रास होतो एवढंच कारण लिहिलंय. मागे एका डिसेंबरात, ती आपल्याकडची निफाड गोठवणारी थंडी असते ना त्या दिवसांत, माझी स्वतःची गाडी सकाळी नुसती टकटक करायची. एका गॅरेजने बॅटरी आणि स्टार्टर मिळून ९ हजार सांगितले. पैसे द्यायच्या आधी बॉनेट उघडलं तर प्लसच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर साचलेली. जुना टूथब्रश, कोमट पाण्यात खायचा सोडा, दहा मिनिटं घासलं, पुसून कोरडं केलं, वर व्हॅसलिनचा हात फिरवला आणि गाडी एका सेल्फला सुरू झाली, तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली. दिराला फक्त एवढं सांगा की काढताना मायनस आधी आणि लावताना मायनस शेवटी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या जवळपास दाखवत असेल तर निदान आत्ता तरी बदलायची घाई नको.

फिल्टर, प्लग, वायपरचे २,५०० आहेत, हे दिराने खुशाल घरी करावं, सामान १,४०० पर्यंत येईल. तीनच प्लग आहेत, पण इंजिन पूर्ण थंड असताना, आणि नवा प्लग आधी हाताने फिरवून आटे नीट बसल्यावरच पाना लावायचा, वाकडा घुसला तर हेडचे आटे जातात आणि मग वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च बसतो. कूलंटसुद्धा घरी टॉप-अप करता येतं, फक्त गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, माणसं भाजलेली बघितलीत मी. ब्रेक आणि सस्पेन्शनला मात्र घरी हात लावू देऊ नका, गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचं नाही. हे दिराला माझं नाव घेऊन सांगा.

एसीचे ३,८०० उन्हाळ्याच्या तोंडावर बघू, आणि तेव्हाही आधी लीक शोधायला लावा, नुसता गॅस भरला तर दोन महिन्यांत परत तेच. इंजिन फ्लश आणि कोटिंगचे ४,५०० सरळ काट मारा. या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे बेल्टचा मोठा खर्चही नाही.

म्हणजे आत्ता लागतात साधारण ३० हजार. अडीच हप्त्यांपेक्षाही कमी.

नव्या गाडीच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी बाजूला टाकणार नाही, सुरक्षिततेचा. तुमच्या मॉडेलला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, आणि दर महिन्याला चौघं हायवेने कल्याणला जाता. यात नवी गाडी खरोखर जास्त सुरक्षित आहे आणि त्याला माझ्याकडे पैशाचं उत्तर नाही. म्हणून गाडी नाशकातल्या नाशकात वापरा, कल्याणला नाशिकरोडवरून पंचवटी एक्सप्रेसने जा. आणि नवी गाडी घ्यायचीच, पण मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष पार पडल्यावर. मिस्टर म्हणतात १२,६०० झेपतील, तर आजपासून झेपवून दाखवू या, ३,६०० गाडीच्या कामांसाठी बाजूला आणि ९ हजारांची आरडी. ३० महिन्यांत मुद्दलच २ लाख ७० हजार होतं, वर व्याज, मग लोन ६ ऐवजी ३ लाखांचं पुरेल. मध्ये फीला कमी पडलं तर आरडी मोडता येते, हप्ता मोडता येत नाही. आणि तेव्हा ही गाडी विकताना नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीचं, पत्र इन्शुरन्स कंपनीकडून मागून घ्या, तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, नव्या गाडीला लागू होतो.

एका गोष्टीने माझा सल्ला बदलेल. कूलंट सारखं कमी होतंय, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतोय, यातलं काही असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, गेल्याचा संशय घ्यायचा, वरचे ३० हजार घालू नका, आधी मला कळवा. हे झाकण दिराला या रविवारीच उघडून बघायला सांगा, मगच क्लचला गाडी टाका, आणि काम झाल्यावर जुनी क्लच प्लेट पिशवीत घालून घरी आणा.