सिग्नलिंग हा शब्द रेल्वेत, जीवशास्त्रात आणि अर्थशास्त्रातही येतो. अर्थ एकच का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो आणि घरची शेतीही पाहतो. माझ्या मते गाभा एकच आहे: निरोप पोचला, की घेणाऱ्याचं वागणं बदलतं. घेणारा त्यावर भरवसा का ठेवतो, ते मात्र प्रत्येक विषयात निराळं.

वावरातलंच पहा. पऱ्हाटीत (कपाशीत) गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही हेक्टरी 5 कामगंध सापळे लावतो. वर रबराची छोटी ल्यूर, तिला मादीच्या गंधाचं रसायन. खाली प्लास्टिकची लांब पिशवी. या अळीचा नर पतंग रात्री वासावर येतो आणि पिशवीत अडकतो. सकाळी मोजायचे. सापळ्यामागे 8 पतंग सलग 3 रात्री आले, की फवारणीची वेळ झाली. म्हणजे ज्या वासानं पतंग फसला, त्यातूनच मला खरी खबर मिळाली.

शरीरात इन्सुलिन हा पेशींना निरोपच असतो, रक्तातली साखर आत घ्या असा. माझ्या आईला टाइप 2 शुगर आहे. त्यात पेशी हा निरोप नीट मानत नाहीत. चालताना मात्र स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात, म्हणून मी तिला रोज संध्याकाळी फिरायला नेतो.

अर्थशास्त्रात मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये हा विचार मांडला; 2001 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. उमेदवाराची कुवत मालकाला दिसत नाही, पदवी दिसते. कुवत कमी असलेल्याला ती मिळवणं जास्त जड जातं, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. ती सगळ्यांकडेच आली, की तिच्यावरून माणूस ओळखता येत नाही. तीन-तीन पदव्या घेऊन गावात बसलेले माझे विद्यार्थी पाहिले, की हे फार लागतं.

रेल्वेची रीत मला सगळ्यांत आवडते. खांबावर हलणारा हात असलेल्या जुन्या सिग्नलची तार तुटली, तर हात आपोआप आडवा होतो आणि गाडी थांबते. यंत्रणा बिघडली तरी निरोप धोक्याचाच जातो.

आमच्या सापळ्यात नेमकी हीच सोय नाही. ल्यूरचा वास काही आठवड्यांत उडतो. एका हंगामात मी ती वेळेवर बदलली नाही. पिशव्या रोज रिकाम्या दिसत, मला वाटे अळी नाहीच. दसऱ्याच्या सुमारास हिरवी बोंडं फोडून पाहिली, तर आत सरकी खात बसलेल्या अळ्या होत्या.