वडील गोव्यातल्या मडगावचे, जन्म १९५४, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. मी पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर भारतीय नागरिकत्व राहील का?

नाही राहणार, तो पासपोर्ट घेतलात की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. तसं पत्र वगैरे कुणी पाठवत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात, अडचण आपल्या बाजूची आहे. तेव्हा जुना निळा पासपोर्ट 'असू दे कपाटात' म्हणून ठेवू नका, सरेंडर करा. त्यावर प्रवास केलात तर पासपोर्ट कायद्याखाली कारवाई होऊ शकते. मतदार यादीतलं नावही काढून घ्या.

पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्याला दुहेरी नागरिकत्व म्हणतात ते चूक. तो जवळपास आयुष्यभराचा व्हिसा आहे:
- मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही
- घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस नाही. वडिलांकडून वारशाने आलेलं माडाचं भाट (नारळाची बाग) मात्र ठेवता येतं.

एक मेख आहे. लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या सरकारी नोंदणीत, नुसती जन्मनोंद केली आणि पासपोर्ट काढलाच नाही, तर प्रकरण इतकं सरळ नसतं. परदेशी नागरिकत्व घेतलं की नाही, हा वाद कलम ९(२) खाली केंद्र सरकारच्या पातळीवर ठरतो. तिथे वकील गाठाच.