भावा, पहिला बोर्ड चढवायच्या आधी

दुकानांच्या पाट्या बनवायचा धंदा सुरू करताना मशीन कोणतं घेऊ असं तू विचारलंस, पण मी आधी पावसाचं बोलतो. कोल्हापुरात झड लागली की बोर्डाची खरी परीक्षा होते. राजारामपुरीत लावलेला माझा पहिला, आतून उजळणाऱ्या अक्षरांचा बोर्ड दुसऱ्याच पावसाळ्यात अर्धा विझला. उघडून बघतोय तर 'व'च्या पोटात बोटभर पाणी, वायरीचे जोड हिरवे पडलेले. तेव्हापासून प्रत्येक अक्षराच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक पाडतो, मॉड्यूल, म्हणजे आतले छोटे एलईडी दिवे, आयपी ६७चेच (धूळ-पाणी आत न जाणारे) घेतो आणि जोड सिलिकॉननं बंद करतो. एसएमपीएसवरही, म्हणजे या दिव्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरही, पूर्ण लोड टाकू नको. दीड वॉटची ४० मॉड्यूल म्हणजे ६० वॉट. तिथं १०० वॉटचा लाव.

फ्रेम उद्यमनगरात करून घे, पण वेल्डिंगच्या जागा घासून रेड ऑक्साइड मारल्याशिवाय एसीपी (बोर्डाचा ॲल्युमिनियम शीट) चढवू नको. गंज तिथूनच धरतो.

मजकूर गिऱ्हाईकाकडून लिहून, सही घेऊनच कटिंगला टाक. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तू स्वतः बघ. चुकलेली वेलांटी वर्षानुवर्षं चौकात दिसत राहते, मला त्याचं फार वाईट वाटतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते. दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. हे डिझाइन दाखवतानाच सांग.

निम्मा ॲडव्हान्स घे. पाहुण्यांकडूनही.

आणि शिडीवर चढणाऱ्या पोराला बेल्ट दे. विजेची तार जवळ असेल तर लाइन बंद झाल्याशिवाय पाइप उचलू देऊ नको, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.